गिटारीच्या दांडींतील पोलादी सळई

तंतुवाद्य पाहणाराची दृष्टि बहुधा प्रथम त्याच्या पेटीकडे जाते. पेटीचें चकाकतें रोगण, तिच्या तोंडाभोंवतींची नक्षी आणि लांकडाच्या रेषांचा डौल यांनीं डोळे सुखावतात. दांडीकडे कोणी निरखून पाहत नाहीं. परंतु गिटार शिकावयास बसलेल्या मुलाचा अधिकांत अधिक संबंध येतो तो दांडीशींच. घरीं नवी गिटार येते, महिना-दोन महिने उत्साह टिकतो आणि मग तक्रारी सुरू होतात. बोटांचीं टोकें सोलून निघतात, तार कितीहि दाबली तरी स्वर पुरता उमटत नाहीं, आणि उमटला तर तो बेसूर लागतो. घरांतील वडील मंडळी म्हणतात कीं मुलाला चिकाटी नाहीं. पुष्कळदां दोष चिकाटीचा नसतो, बोटांचाहि नसतो. तारांच्या ओढीनें दांडी वांकलेली असते, तारा पडद्यांपासून उंच गेलेल्या असतात, आणि कोंवळ्या बोटांवर नको तेवढा भार पडत असतो.

हा बांक ताब्यांत ठेवण्यासाठीं दांडीच्या पोटांत एक पोलादी सळई बसविलेली असते. कारागीर तिला ट्रसरॉड म्हणतात. ती पडद्यांच्या पट्टीखालीं झांकलेली असल्यामुळें गिटार वर्षानुवर्षें वाजविणाऱ्यांनाहि तिचें दर्शन घडत नाहीं. ती कशासाठीं असते, कशी बसवितात, आणि बसवितांना झालेली चूक पुढें कां सुधारतां येत नाहीं, हें समजून घेतल्यास घरांतील वाद्याची निगा राखणें पुष्कळ सोपें होईल.

प्रथम बांक कां येतो तें पाहिलें पाहिजे. पोलादी तारांच्या गिटारीस सहा तारा असतात. हलक्या जाडीच्या तारांचा जो संच सामान्यतः वापरतात, त्यांतील सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच व सर्वांत जाड तार ०.०५३ इंच असते. या सहा तारा नेहमीच्या स्वरांत मिळविल्या कीं त्यांची एकत्र ओढ सुमारें ७० ते ७५ किलो, म्हणजे एका प्रौढ मनुष्याच्या वजनाएवढी भरते. याहून जाड तारांचा संच लावल्यास ही ओढ ८० किलोंच्या वर जाते. ही ओढ दांडीच्या गाभ्यांतून जात नाहीं. तारा दांडीच्या पृष्ठभागावरून, थोड्या अंतरानें जातात. धनुष्याची दोरी धनुष्यास जशी कमान आणते, तशाच या तारा दांडीचीं दोन्ही टोकें आपल्याकडे खेंचतात व दांडीचा मध्य तारांपासून दूर जातो.

लांकडाचा आणखी एक स्वभाव आहे. पुस्तकांच्या कपाटांतील लांब फळी पहिल्या दिवशीं सरळ असते. पांच-दहा वर्षांनीं पाहावें तर ती मध्यें खचलेली दिसते. पुस्तकें तितकींच असतात. परंतु सततच्या भारापुढें लांकूड इंचाइंचानें नव्हे, केसाकेसानें नमत जातें. गिटारीच्या दांडीवर भार रात्रंदिवस असतो. वाद्य खुंटीला टांगलेलें असलें तरी तारांची ओढ सुटत नाहीं. त्यांतच हवामानाची भर पडते. दांडी बहुधा महोगनीची असते व तिच्यावरची पडद्यांची पट्टी शिसवाची किंवा आबनुसाची असते. दोन जातींचीं लांकडें ओलावा सारख्या प्रमाणांत शोषीत नाहींत. गिटारी ज्या कारखान्यांत तयार होतात तेथील हवेची आर्द्रता साधारणतः ४५ ते ५० टक्क्यांवर राखलेली असते. मुंबईंत व कोंकणांत पावसाळ्यांत ती ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि विदर्भांतील वैशाखांत हवा अगदीं कोरडी होते. एकमेकांस चिकटविलेलीं हीं दोन लांकडें ऋतूबरोबर कमीअधिक फुगतात व आकसतात, आणि त्यांच्या या ओढाताणींत दांडी कधीं पुढें तर कधीं मागें कलते.

येथें एक शंका सहज येईल. तंबोरा व सतार यांच्या दांड्या गिटारीपेक्षां लांब असतात. मग मिरजेच्या कारागिरांना अशी सळई घालण्याची गरज कां वाटली नाहीं? याचें उत्तर वाद्यांच्या रचनेंतच आहे. तंबोऱ्याला पडदेच नसतात. त्याच्या तारा मोकळ्या छेडावयाच्या असतात, त्यामुळें दांडी किंचित् नमली तरी बिघडत नाहीं. सतारीचे पडदे उंच, कमानदार असून दोऱ्यानें बांधलेले असतात. ते वरखालीं सरकवून वादक स्वर जुळवून घेतो. गिटारीचे पडदे मात्र पट्टींतील बारीक खांचांत कायमचे ठोकलेले असतात, आणि त्यांचीं अंतरें गणितानें ठरलेलीं असतात. घोडीपर्यंत उरलेली तारेची लांबी १७.८१७ या संख्येनें भागली म्हणजे पुढच्या पडद्याचें अंतर मिळतें. ६४५ मिलिमीटर लांबीच्या तारेस पहिला पडदा सुमारें ३६.२ मिलिमीटरांवर येतो. हे पडदे जेमतेम एक मिलिमीटर उंच असतात, आणि बाराव्या पडद्यावर तार दोन-अडीच मिलिमीटर उंचीवरून जाते. जेथें सारा व्यवहार एवढ्या थोड्या जागेंत चालतो, तेथें अर्ध्या मिलिमीटरचा बांकसुद्धां मोठा होतो. उंच गेलेली तार दाबतांना ती अधिक ताणली जाते व तिचा स्वर चढतो. गणित अचूक असून वाद्य बेसूर लागतें तें यामुळें.

गिटारीच्या दांडीस हा ताप पूर्वीं इतका नव्हता. पूर्वींच्या गिटारींना आंतड्याच्या तारा, म्हणजे तांत, लावीत. १९४० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनीं नायलॉनच्या तारा प्रचारांत आणल्या व तांतीची जागा त्यांनीं घेतली. नायलॉनच्या सहा तारांची ओढ सुमारें ४० किलो असते, आणि त्या जातीच्या गिटारीची दांडी रुंद असते. म्हणून अभिजात स्पॅनिश पद्धतीच्या गिटारींत बहुधा अशी सळई नसते. खरा प्रश्न पोलादी तारांनीं उभा केला. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें जें पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलें होतें, तेथें हवाई बेटांतील वादकांनीं अमेरिकन श्रोत्यांना आपल्या संगीताची गोडी लावली. त्या संगीतांत पोलादी तारा होत्या. तशा खणखणीत आवाजाची मागणी वाढली आणि कारखान्यांना आपलीं वाद्यें त्या ओढीस टिकतील अशीं करणें भाग पडलें. गंमत अशी कीं, ज्या हवाईयन पद्धतीमुळें ही मागणी वाढली, तींत स्वतः दांडीच्या सरळपणाची फारशी मातब्बरी नाहीं. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरवावयाची असते. तार पडद्यापर्यंत दाबावीच लागत नाहीं. भारतीय वादकांनीं रागसंगीतासाठीं जी गिटार स्वीकारली तीहि मुख्यतः याच पद्धतीची. बोटांनीं तार दाबून वाजविणाऱ्यांच्या गिटारीला मात्र हा प्रश्न सोडवल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

अमेरिकेंतील दोन जुन्या कारखान्यांनीं त्याचीं दोन निरनिराळीं उत्तरें शोधलीं. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हे १८३३ सालीं सॅक्सनींतून न्यूयॉर्कला आले आणि पुढें पेन्सिल्व्हानियांतील नॅझरेथ गांवीं स्थायिक झाले. त्यांच्या कारखान्यानें दांडींत प्रथम आबनुसाची कठीण कांब घातली. १९३४ पासून तिच्या जागीं इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची पोलादी कांब आली. दुसऱ्या महायुद्धांत पोलाद दुर्मिळ झाल्यानें कांहीं काळ पुन्हां आबनूस वापरावें लागलें. १९६७ मध्यें चौकोनी पोकळ नळी आली. या सर्व कांबा दांडी बळकट करीत, पण एकदां बसविल्यावर त्यांच्यांत फेरबदल करतां येत नसे. मिशिगनमधील कॅलमझू येथें १९०२ सालीं स्थापन झालेल्या गिब्सन कारखान्यानें निराळा मार्ग धरला. तेथील थॅडियस मॅक्‌ह्यू यांनीं १९२१ सालीं फिरवून घट्ट-सैल करतां येईल अशा सळईच्या पेटंटसाठीं अर्ज केला आणि १९२३ सालीं तें त्यांना मिळालें. मार्टिन कारखान्यानें फिरती सळई स्वीकारली ती १९८५ सालीं. म्हणजे हा वाद सहा दशकें चालला, आणि शेवटीं निर्णय फिरत्या सळईच्या बाजूनें लागला. लांकूड आज कसें आहे यापेक्षां तें दहा वर्षांनीं कसें असेल याचा अंदाज घेणें अवघड आहे. म्हणून पुढें सुधारतां येईल असा उपायच शहाणपणाचा ठरला.

'ट्रस' हा शब्द इमारतकामांतला आहे. कौलारू घराच्या आढ्याखालीं तिरप्या व आडव्या वाशांची जी कैची असते, तिला इंग्रजींत ट्रस म्हणतात. अमेरिकेंत रेल्वेच्या जुन्या लांकडी डब्यांखालीं लोखंडी सळया ताणून बसवीत असत. डबा वजनानें मध्यें खचूं लागला कीं सळईवरील फिरकी आवळीत. सळई ताठ होतांना डब्याचा मध्य वर उचलून धरी. गिटारींतील पहिल्या सळईचें तत्त्व हेंच. दांडींत खोदलेली खांच सरळ न ठेवतां मध्यें अधिक खोल, म्हणजे दांडीच्या पाठीकडे झुकलेली ठेवावयाची. त्या खांचेंत सळई घालून तिचें एक टोंक पक्कें करावयाचें व दुसऱ्या टोंकास आटे पाडून नट बसवावयाचा. नट आवळला कीं सळई सरळ होऊं पाहते आणि दांडीचा मध्य तारांच्या दिशेनें उचलते. तारांनीं आणलेला बांक अशा रीतीनें निघतो. ही झाली एकेरी सळई. ती एकाच दिशेनें काम करते. दांडी मागें कललेली असेल तर तिचा उपयोग होत नाहीं.

अलीकडे बसविण्यांत येते ती बहुधा दुहेरी सळई. तींत एकीवर एक अशा दोन सळया, किंवा एक सळई व एक चपटी पट्टी असते, आणि दोन्ही टोंकांस धातूचे ठोकळे त्यांना जखडून ठेवतात. त्यांपैकीं एकीच्या एका टोंकास उजवे व दुसऱ्या टोंकास डावे आटे असतात. नट एका बाजूस फिरविला कीं दोन्ही ठोकळे जवळ येऊं पाहतात, उलट फिरविला कीं दूर जाऊं पाहतात. जोडीदार सळईची लांबी मात्र बदलत नाहीं. त्यामुळें संपूर्ण जोडी एका बाजूस किंवा दुसऱ्या बाजूस वांकते आणि आपल्याबरोबर दांडीलाहि वांकविते. या सळईस कमानदार खांच लागत नाहीं. सरळ खांच पुरते. नव्या कारागिरास ती सोयीची वाटते तें यामुळेंच.

आतां ती बसविण्याचा क्रम. पहिला नियम असा कीं खांच पाडावयाची ती दांडीस गोलाई देण्यापूर्वीं. दांडीचा ठोकळा चौरस असतो तोंवर त्याच्या दोन्ही बाजू सरळ व समांतर असतात, आणि त्यांच्या आधारानें हत्यार बरोबर मध्यरेषेवरून चालवितां येतें. एकदां पाठ गोल झाली कीं हा आधार जातो. ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठभागास रंधा मारून तो अगदीं सपाट करावा व गुण्या लावून बाजू काटकोनांत आहेत याची खात्री करावी. नंतर मध्यरेषा आंखावी. माथ्याजवळ जी हाडाची आडवी पट्टी बसते, तेथपासून दांडी पेटीस मिळते तो चौदावा पडदा, येथवरचें अंतर ६४५ मिलिमीटरच्या तारेस सुमारें ३५८ मिलिमीटर, म्हणजे चौदा इंच भरतें. सळईनें काम करावयाचें तें या भागांत. म्हणून तिचा मध्य सहाव्या-सातव्या पडद्याच्या आसपास पडेल अशी तिची जागा ठरवावी.

नट कोणत्या बाजूस ठेवावयाचा हेंहि याच वेळीं ठरवावें लागतें. तो माथ्याकडे ठेवला तर हात सहज पोंचतो. परंतु तेथें नटासाठीं खळगा पाडावा लागतो, आणि माथा व दांडी यांचा सांधा हीच दांडींतील सर्वांत नाजूक जागा. गिटार पडली कीं माथा मोडतो तो बहुधा तेथेंच. नट पेटीच्या बाजूस ठेवला तर माथा शाबूत राहतो. मात्र मग पेटीच्या आंतील लांकडी ठोकळ्यास, आणि कधीं कधीं छातीखालच्या आडव्या पट्टीसहि, पान्यासाठीं भोंक पाडावें लागतें. ही पट्टी तारांच्या ओढीपुढें पेटीचें तोंड खचूं देत नाहीं. म्हणून भोंक गरजेपुरतेंच असावें.

दुहेरी सळईची रुंदी बहुधा पाव इंच, म्हणजे सुताराच्या भाषेंत दोन सूत असते, आणि उंची तीन सुतांच्या आसपास. खांच राउटर या यंत्रानें पाडतात. हातानें पाडावयाची तर अरुंद पटाशी व खांचेचा रंधा वापरतात. यंत्र असलें तरी पूर्ण खोली एकदम खणूं नये. दर फेरीस तीनेक मिलिमीटर खालीं जावें. घाई केली तर पातें भरकटतें, खांचेच्या भिंती फाटतात व सळई सैल बसते. खांच इतकी नेमकी हवी कीं सळई बोटानें दाबल्यावर आंत जावी. ती हातोड्यानें ठोकावी लागूं नये, आणि ठोकळा उलटा केल्यास गळून पडूं नये.

खोलीचें गणित कागदावर करून मगच हत्यार उचलावें. तयार गिटारींत पहिल्या पडद्यापाशीं दांडीची एकूण जाडी सुमारें २१ मिलिमीटर असते. त्यांतून पडद्यांच्या पट्टीचे ६ मिलिमीटर वजा केले तर दांडीचें लांकूड उरतें १५ मिलिमीटर. खांच १० मिलिमीटर खोल घेतली तर खालीं पाठीकडे ५ मिलिमीटर लांकूड राहतें. पुढें पाठ घांसतांना हौसेनें दांडी दोन मिलिमीटर बारीक केली तर राहतें तीनच. यापुढें एकहि मिलिमीटर गमावणें धोक्याचें आहे. पुष्कळ दांड्या निकामी होतात त्या येथें. खांच अधिक खोल गेली, किंवा पाठ अधिक घांसली गेली, तर सळई प्रथमच आवळतांना पाठीमागून लांकूड फुगतें किंवा उभें तडकतें. उथळ खांचहि वाईट. तींत सळई वर डोकावते व पडद्यांची पट्टी दांडीस चिकटूं शकत नाहीं. सळई पट्टीच्या खालच्या पृष्ठभागाशीं अगदीं लागून, पण तिला न उचलतां बसली पाहिजे.

सळई खांचेंत घालण्यापूर्वीं ती हातांत घेऊन नट दोन्ही दिशांस फिरवून पाहावा. ती सारखी वांकते कीं नाहीं, आटे अडखळत नाहींत ना, टोंकांचे ठोकळे पक्के आहेत ना, हें तपासण्याची ही शेवटची संधि होय. ज्या सळईची लांबी आट्यांनीं कमीजास्त होते, ती दांडीच्या पाठीकडे असावी, आणि न बदलणारी पट्टी वर असावी. अशी ठेवल्यास नट घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें आवळला म्हणजे दांडी मागें जाते व तारांचा बांक कमी होतो. हीच रूढ पद्धत आहे. उलटी बसविली तर परिणामहि उलटा होतो, आणि पुढें दुसरा कोणी कारागीर वाद्य हातांत घेईल तेव्हां तो फसतो. सळई पोकळींत खुळखुळूं नये म्हणून दोन-तीन ठिकाणीं सिलिकॉनचा लहानसा थेंब लावतात. एखादी तार छेडली असतां दांडींतून बारीक झणकार येऊं लागला, तर त्याचें कारण पुष्कळदां हा थेंब विसरला जाणें हेंच असतें. आट्यांना मात्र गोंदाचा वा सिलिकॉनचा स्पर्शहि होऊं देऊं नये.

यानंतर पडद्यांची पट्टी चिकटविण्याचें काम. या क्षणीं सळई पूर्ण सैल, म्हणजे कोणत्याहि बाजूस न वांकलेली असावी. खांचेवर अरुंद चिकटपट्टी लावावी, भोंवतालीं गोंद पातळ व सारखा पसरावा, आणि मग चिकटपट्टी अलगद उचलून घ्यावी. म्हणजे गोंद खांचेंत उतरत नाहीं. खांचेंत उतरलेला गोंद वाळला तर सळई लांकडाशीं एकजीव होते आणि तिचें असणें-नसणें सारखेंच ठरतें. पट्टी घसरूं नये म्हणून दोन बारीक खिळ्यांनीं तिची जागा धरून ठेवावी, वर सपाट जाड फळी ठेवावी, आणि शिकंजे सर्व लांबीवर सारखे आवळावे. सरस असो वा हल्लींचा लांकूडकामाचा गोंद असो, त्यांत पाणी असतें. तें लांकडांत मुरतें व पट्टीस थोडा बांक आणतें. म्हणून निदान एक दिवस काम तसेंच ठेवून पाणी उडून जाऊं द्यावें. मग पट्टी पुन्हां सरळ करून पडदे ठोकावे आणि त्यानंतरच पाठीस गोलाई द्यावी.

पट्टी चिकटली कीं सळई दृष्टीआड झाली. यापूर्वींची प्रत्येक चूक सुधारतां येण्याजोगी होती. खांच सैल झाली तर तींत लांकडाची पातळ चीप घालतां आली असती. सळई सदोष निघाली तर बदलतां आली असती. आतां या दुरुस्तीसाठीं पट्टी तापवून, पातळ पात्यानें बोटबोट सोडवीत काढावी लागेल, आणि त्यांत पट्टी फुटण्याचा, पडदे उखडण्याचा धोका पत्करावा लागेल. म्हणून जाणता कारागीर शिकंजे आवळण्यापूर्वींच्या घटकाभरांत जेवढा थांबतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याहि कामांत थांबत नाहीं.

वाद्य तयार होऊन तारा चढल्या कीं सळईचें खरें काम सुरू होतें. येथें पुष्कळांची समजूत अशी असते कीं दांडी आरशासारखी सपाट झाली म्हणजे उत्तम. तसें नाहीं. छेडलेली तार मध्यभागीं सर्वांत अधिक हेलकावते. तिच्या हेलकाव्यास जागा मिळावी म्हणून दांडींत किंचित् खोलगटपणा राहिलाच पाहिजे. नाहींतर तार पडद्यांवर आपटून खरखर ऐकूं येते. तपासण्याची रीत सोपी आहे. एका हातानें तार पहिल्या पडद्यावर व दुसऱ्या हातानें चौदाव्यावर दाबावी. दाबलेली तार हीच तेव्हां सरळपट्टी होते. सहाव्या-सातव्या पडद्यापाशीं तार व पडदा यांत ०.१ ते ०.२५ मिलिमीटर फट असावी. लिहिण्याचा साधा कागद सुमारें ०.१ मिलिमीटर जाड असतो. तेव्हां एक कागद सहज सरकावा व तीन सरकूं नयेत, हें घरगुती माप ध्यानीं ठेवण्यासारखें आहे.

फट अधिक असेल तर नट घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें पाव फेरा आवळावा. नसेलच तर उलट दिशेनें पाव फेरा सैल करावा. आवळण्यापूर्वीं तारा थोड्या उतरवाव्या, मग पुन्हां स्वरांत मिळवून फट पाहावी. एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक जाऊं नये. लांकूड कांहीं अंशीं तत्काळ हलतें व कांहीं अंशीं रात्रभरांत हलतें. त्यास अवधि द्यावा. नट न हलल्यास बळ करूं नये. त्या वेळीं नट आट्यांच्या शेवटास पोंचला असेल किंवा गंजला असेल. अधिक जोर केला तर सळई तुटते, आणि तुटलेली सळई बाहेर काढण्यासाठीं पुन्हां ती चिकटविलेली पट्टीच सोडवावी लागते.

सळईस जें काम नेमून दिलेलें नाहीं तें तिच्याकडून करवून घेऊं नये. तारा उंच आहेत म्हणून सरसकट नट आवळणें ही सर्वांत सामान्य चूक आहे. ही उंची दांडीच्या बांकामुळें वाढते, तशीच ती घोडीवरच्या हाडाच्या उंचीमुळें, माथ्याजवळच्या पट्टीच्या खोल नसलेल्या खांचांमुळें, किंवा पेटी फुगून दांडी व पेटी यांचा कोन बदलल्यामुळेंहि वाढते. सळईची सत्ता माथ्यापासून चौदाव्या पडद्यापर्यंत चालते. पेटीवर तिचा कांहीं अधिकार नाहीं. वर सांगितलेल्या रीतीनें फट मोजली व ती योग्य निघाली, तर नटास हात न लावतां कारण दुसरीकडे शोधावें. फट मोजल्याशिवाय पाना उचलूं नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ गिटारी वांचतील.

ज्या जुन्या गिटारींत सळई नाहीं त्यांचें काय करावें, हा प्रश्नहि घरोघर येतो. पट्टी काढून नवी खांच पाडतां येते. परंतु तें धोक्याचें काम आहे, आणि मौल्यवान जुन्या वाद्याचें मूळ रूप त्यांत बिघडतें. बांक थोडा असेल तर अनुभवी कारागीर पडदे काढून किंचित् जाड बुंध्याचे पडदे ठोकतात. ते प्रत्येक खांचेंत पाचरीसारखे रुतून पट्टीची वरची बाजू लांबवूं पाहतात, आणि दांडी मागें सरते. हलक्या तारा लावणें हाहि एक साधा उपाय आहे. ओढ कमी झाली कीं बांकहि थोडा उतरतो. नव्या वाद्यांत कांहीं कारागीर सळईच्या दोहों बाजूंस कार्बनतंतूंच्या पट्ट्या घालतात. त्यांनीं दांडी ताठ राहते व सळईवरचा भार हलका होतो. पण नमलेली दांडी परत आणण्याचें काम त्या करूं शकत नाहींत. तें फिरत्या सळईचेंच आहे.

तेव्हां गिटार विकत घेतांना तिच्या पेटीवरील नक्षीबरोबर दांडीहि पाहावी. माथ्याकडून पेटीकडे, बंदुकीचा नेम धरावा तशी एका डोळ्यानें तिची कड न्याहाळावी. कागदानें फट मोजावी. दुकानदारास नट फिरतो कीं नाहीं तें दाखवावयास सांगावें. ज्या घरांत मूल तारांशीं झगडत बसलें आहे, तेथें त्याच्या चिकाटीची परीक्षा घेण्यापूर्वीं वाद्याची परीक्षा घ्यावी. पाव फेऱ्यानें तार खालीं आली आणि रुसलेला स्वर मोकळा झाला, तर मुलाचा धीर वाढतो व वाद्याचें आयुष्यहि वाढतें. मात्र तो पाव फेरा उपयोगी पडतो तो कोणीतरी पूर्वीं, पट्टी चिकटविण्याआधीं, कुणाच्या दृष्टीस न पडणारी ती खांच नेमकी पाडलेली असते म्हणून.